अतिक्रमणाची पावती आणि दहा हजार रुपये

झेरॉक्सचं दुकान अत्यावश्यक सेवेत मोडत नाही, हे 25 मार्च 2020 ला, देशभरच्या लॉकडाऊनच्या पहिल्या दिवशी कळलं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीपासून चालत पाच मिनिटांवर माझं दुकान आहे. झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन, लग्नपत्रिका आणि हल्ली मुख्यतः ऑनलाइन फॉर्म. मार्च ते मे हा आमचा सीझन. त्या वर्षी परीक्षा लांबल्या, लग्नं पुढे गेली, जोतिबाची चैत्र यात्रा रद्द झाली आणि छापून तयार असलेल्या पत्रिकांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. कॉम्प्युटर आणि प्रिंटर वर घरात नेऊन ठेवले आणि शटरला कुलूप घातलं.

पहिल्या आठवड्यात तालमीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे फिरत होतं, त्याला बातमी म्हणायची सोय नव्हती. उद्यापासून दूध बंद. गॅसची गाडी येणार नाही. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, खिडक्या लावून घ्या. दुधाच्या मेसेजनं दुसऱ्या दिवशी पहाटेच डेअरीपुढं रांग लागली आणि ज्याला खरंच अर्धा लिटर हवं होतं तो मोकळ्या पिशवीनं परत गेला. आमच्या गल्लीत बऱ्याच घरांनी पेपर नको म्हणून सांगितलं होतं, कागदाला हात लावायची भीती. त्यामुळं वाचायला राहिला तो मोबाईलच.

मी पेठेतल्या निम्म्या दुकानदारांना ओळखतो, कारण त्यांची बिलबुकं माझ्याकडंच छापली जातात आणि त्यावर त्यांचे नंबर असतात. एके दिवशी बसून सगळ्यांना फोन लावले. उद्या उघडणार का, किती वाजता, काय माल आहे, घरपोच देणार का. संध्याकाळी एक मेसेज टाइप करून ग्रुपवर टाकला. तो असा होता:

‘शुक्रवार. गिरणी सकाळी 8 ते 11, डब्यावर नाव लिहून ठेवून जाणे, थांबू नये. कोपऱ्यावरचं मेडिकल रात्री 8 पर्यंत, बीपी-शुगरच्या गोळ्या आहेत, सॅनिटायझर नाही. किराणा: यादी व्हॉट्सअॅपवर पाठवा, दुपारनंतर न्यायला या. शेंगतेल आलंय. रवा संपलाय.’

लोकांना हे हवं होतं. विचारणा सगळ्यात जास्त कशाची होती सांगू? गिरणीची. औषध, भाजी, सगळं त्यानंतर. तांदूळ घरात असतो, पण दळण संपलं की घरातली बाई बेचैन होते. दुसरा नंबर अर्थातच मटणाचा. ज्या शहरात 2019 च्या डिसेंबरात मटणाच्या दरावरून आंदोलनं झाली, तिथं रविवारी ‘आज चालू आहे का?’ हा प्रश्न किती गंभीर असतो हे बाहेरच्याला कळायचं नाही.

मेसेजचे नियम आपोआप ठरत गेले. स्वतः फोन करून विचारलेलं तेवढंच टाकायचं, फॉरवर्ड आलेलं काही नाही. दुकानदाराला विचारल्याशिवाय त्याचा नंबर द्यायचा नाही. एकानं तेलाच्या डब्याचा भाव मनाला येईल तसा लावला, तेव्हा त्याचं नाव गाळून टाकलं. तो चिडून फोनवर वाट्टेल ते बोलला, पण भाव खाली आणला. आणि तिसरी गोष्ट, ज्यावरून माझं बऱ्याच जणांशी वाजलं. कुठल्या घरात पेशंट निघाला ते नावानिशी टाक म्हणून लोक मागं लागायचे. मी फक्त रस्ता कुठून कुठवर बंद आहे तेवढं टाकत होतो. ज्याच्या घरातल्या माणसाला सीपीआर दवाखान्यात नेलंय, त्याच्या घराची जाहिरात मी का करू? तसंही आपल्याकडं गल्ल्यागल्ल्यांनी बांबू बांधून स्वतःच स्वतःला कोंडून घेतलं होतं, त्यात आणखी भर नको.

एप्रिलमध्ये मंडईतली गर्दी मोडायला भाजीवाल्यांना मोकळ्या मैदानांवर आणि रुंद रस्त्यांवर पांढरे चौकोन आखून बसवलं. संसर्गाच्या दृष्टीनं बरोबरच होतं. पण कपिलतीर्थ मंडईत वर्षानुवर्षं एकाच जागी बसणाऱ्या आक्कांची गिऱ्हाइकं त्यांना शोधूनही सापडेनात. भाजीचा धंदा जागेवर चालतो. गिऱ्हाईक भाजीकडं नंतर बघतं, आधी आपली बाई बसलीय का ते बघतं. मग माझ्या मेसेजमध्ये एक ओळ वाढली: ‘कपिलतीर्थच्या पायऱ्यांजवळ बसणाऱ्या आक्का उद्यापासून शाळेच्या मैदानात, गेटमधून आत गेल्यावर डावीकडं.’ आक्कांनी दोन दिवसांनी फोन केला. ‘दादा, तुझ्या त्या लिहिण्यानं आज मेथी उरली न्हाई बघ.’ त्या दिवसानंतर मी हा मेसेज नुसता वेळ घालवायला करतोय असं स्वतःलाही म्हटलं नाही. चहाचा गाडा, बांगडीवाले चाचा, फुलांच्या दोन मावश्या, सगळे त्यात येत गेले. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या ओटीचं साहित्य विकणारे घरी बसून मास्क शिवायला लागले, तर त्यांचे मास्क कुठं मिळतील तेही.

1 जून 2020 ला केंद्रानं पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना जाहीर केली. दहा हजार रुपयांपर्यंत खेळतं भांडवल, तारण काही नाही, एका वर्षात हप्त्यांनी फेडायचे. वेळेवर फेडल्यास व्याजात 7 टक्के सवलत, ती दर तिमाहीला खात्यावर जमा. जुलैच्या सुरुवातीला पोर्टल उघडलं. तोवर माझं शटरही ठरलेल्या वेळेपुरतं वर जायला लागलं होतं. ज्यांना माझ्या मेसेजमुळं गिऱ्हाईक मिळालं होतं, ते सगळे आता फॉर्म भरायला माझ्याच दारात.

फॉर्मची पहिली अडचण पहिल्याच पानावर. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आता आधार काढलं त्या वेळी कुणाचा नंबर दिला होता? कुणी पोराचा, जो आता पुण्यात. कुणी गल्लीतल्या कार्यकर्त्याचा. चहावाल्या पोरानं दिलेलं सिम तर कधीच बंद पडलेलं. म्हणजे आधी आधार केंद्रावर जा, तेव्हाचे 50 रुपये भर, नंबर जोडून घे, तो अपडेट व्हायची वाट बघ आणि मग माझ्याकडं ये. तिथं बोटांचे ठसे घेतात, आणि आक्कांच्या बोटांवर ठसाच उमटेना. आयुष्यभर भाजी निवडून, कोथिंबिरीच्या जुड्या बांधून कातडी गुळगुळीत झालेली. केंद्रावरच्या मुलीनं ओल्या फडक्यानं बोटं पुसली, दाबून धरली, पुन्हा पुसली. शेवटी अंगठ्यानं तारलं.

दुसरी अडचण मोठी होती. 24 मार्च 2020 किंवा त्याआधीपासून शहरात विक्री करत असलेल्यांनाच हे कर्ज. ज्याच्याकडं महापालिकेचं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे, त्याचं काम सोपं. सर्वेक्षणात नाव आहे पण कार्ड मिळालेलं नाही, त्याला पोर्टलवरून तात्पुरतं प्रमाणपत्र. आणि ज्याचं नाव सर्वेक्षणातच नाही, त्यानं महापालिकेकडून शिफारसपत्र आणायचं. फेरीवाल्यांचं सर्वेक्षण व्हावं, त्यांची समिती असावी, हे 2014 च्या पथविक्रेता कायद्यातच आहे. पण सर्वेक्षणवाले आले तेव्हा आक्का लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. शेजारच्या बाईनं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं हटवायलाच आलेत.

शिफारसपत्रासाठी पुरावा हवा. तुम्ही रस्त्यावर धंदा करता याचा पुरावा. आक्का माझ्या काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज चढला. ‘मी बसतोय की हितं, तुझ्या दुकानाला शटर न्हवतं तवापासनं! आनि आता ह्यो कागद मला इचारतोय, तू हितं बसतीस का म्हणून?’

मी म्हटलं, ‘आक्का, मला माहितेय. कॉम्प्युटरला नाही. घरात जे काही कागद असतील ते सगळे आणा.’

दुसऱ्या दिवशी एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आल्या. रेशनकार्ड, लाइटबिलं, बचत गटाचं पुस्तक, नातवाचा जन्मदाखला, अंबाबाईचा एक फोटो. आणि त्या सगळ्याच्या तळाशी घडी घालून घालून चिंधी झालेली एक पावती. काही वर्षांपूर्वी अतिक्रमणच्या गाडीनं त्यांचा वजनकाटा आणि टोपल्या उचलून नेल्या होत्या, त्या सोडवताना भरलेल्या दंडाची. पावतीवर आक्कांचं नाव, तारीख, आणि ‘ठिकाण’ या रकान्यात निळ्या शाईनं रस्त्याचं नाव. ‘रस्त्यावर अनधिकृतपणे भाजी विक्री’ असं कारण. फेकून का दिली नाही विचारलं तर म्हणाल्या, ‘पैसं भरल्यालं हाय ना, कागद कसा टाकायचा?’

मी ती पावती दोन कागदांच्या मध्ये सपाट करून स्कॅन केली. विभागीय कार्यालयातल्या साहेबांनी ती उलटीसुलटी करून बघितली, चष्मा वर केला आणि हसायलाच लागले. मग म्हणाले, ‘यापेक्षा पक्का पुरावा कुठला?’ बेकायदा बसल्याची नोंद हीच बसल्याची नोंद. त्यानंतर मी येणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारायला लागलो, दंड कधी भरलाय का? ज्यांना वर्षानुवर्षं नियमानं हाकललं त्यांची कागदपत्रं सगळ्यात चांगली निघाली. जे गल्लीबोळांतून सुटत आले होते त्यांची पंचाईत.

चहाच्या गाड्याचं काम वेगळ्याच रस्त्यानं झालं. त्याला दंड नाही, संघटनेचं सभासदत्व नाही, काही नाही. पण मंडळांचे गणपतीचे फ्लेक्स मीच करतो, त्यामुळं मिरवणुकांचे मूळ फोटो माझ्या हार्डडिस्कवर पडलेले असतात. रात्री बसून चाळले. 2018 च्या विसर्जन मिरवणुकीच्या एका फोटोत ढोलपथकाच्या मागं, गुलालाच्या ढगातून त्याचा गाडा, त्याच्यावरची स्टोव्हची ज्योत आणि पातेल्यावर झाकण धरून उभा असलेला हा पठ्ठ्या स्पष्ट दिसतोय. फाइलवर तारीख आहेच. त्याची मोठी प्रिंट काढून अर्जाला जोडली, वर स्थानिक चौकशीही झाली आणि पत्र मिळालं.

अर्ज मंजूर म्हणजे पैसे आले, असं नसतं. पोर्टलवरून अर्ज बँकेच्या शाखेकडं जातो आणि पुढचं सगळं त्या शाखेवर. इथं माझा अनुभव असा की ज्या शाखेत माणसाचं आधीपासून खातं आहे तीच शाखा निवडावी. एका बँकेत आमच्या फुलवाल्या मावशींचा अर्ज नुसता पडून राहिला. जाऊन विचारलं तर म्हणे, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, खराब आहे. मावशींना सिबिल म्हणजे कोण हे माहीत नाही. निघालं असं की एका मायक्रोफायनान्स कंपनीच्या गटकर्जात त्या होत्या आणि लॉकडाऊनमध्ये गटाचे हप्ते थकले होते. मंदिर बंद, फुलं कुणी घेत नाही, हप्ता कुठून देणार? ज्या कारणानं कर्जाची गरज पडली तेच कारण कर्ज नाकारायला पुढं केलं. मी तिथं फार बोललो नाही, बोलून उपयोग नसतो. गटातल्या बायकांना गाठलं, थकलेले हप्ते थोडे थोडे करून भरले, तशी चिठ्ठी घेतली आणि अर्ज दुसऱ्या शाखेकडं वळवला. तिथल्या मॅडमनी आठवड्याच्या आत काम केलं. योजना एकच, पोर्टल एकच, आणि फरक पडला तो टेबलापलीकडच्या माणसानं.

पैशासोबत क्यूआर कोडचं स्टिकर आलं. डिजिटल व्यवहारांवर तेव्हा महिन्याला 100 रुपयांपर्यंत कॅशबॅक होता. 50 व्यवहार झाले की 50 रुपये, शंभरला 75, दोनशेला पूर्ण शंभर. ऐकायला बरं वाटायचं. मात्र व्यवहार किमान 25 रुपयांचा लागायचा. कोथिंबिरीची जुडी दहाला, लिंबं दहाची, मिरची पाच-दहाची. आक्कांच्या दिवसभराच्या गिऱ्हाइकांत पंचवीसच्या वर जाणारी मोजकीच. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. ओळखीच्या बायकांना म्हणायच्या, ‘आज ऱ्हाऊ दे, दोन दिवसाचं मिळून मार फोनवर.’ उधारी आणि डिजिटल इंडिया एकाच वहीत.

दहा हजारांचं काय झालं, हे बघण्यासारखं होतं. आक्कांनी व्यापाऱ्याची उधारी फेडली. मार्केट यार्डातून रोखीनं माल घेतला की भाव कमी लागतो, त्या फरकातच त्यांचा महिन्याचा नऊशेच्या आसपासचा हप्ता निघायला लागला. चहावाल्यानं कागदी कपांची पेटी आणि नवा स्टोव्ह घेतला. बांगडीवाले चाचा मात्र अर्जच भरेनात. ‘दहा हजारच्या बांगड्या भरून कुणाला घालू? लगीन न्हाई, जत्रा न्हाई, देवीचं दार बंद. हप्ता मात्र येणार.’ मला त्यांचं म्हणणं पटलं आणि मी आग्रह केला नाही. कर्जाला मदत म्हणायची सवय सरकारला आणि आपल्यालाही लागलीय. गिऱ्हाईक असणाऱ्याला कर्ज उपयोगी पडतं. ज्याचं गिऱ्हाईकच परगावाहून येतं, त्याला आधी रस्ता उघडायला हवा होता. राज्यातली मंदिरं 16 नोव्हेंबर 2020 ला, पाडव्याला उघडली. चाचांनी त्याच आठवड्यात अर्ज भरला.

मग 2021 चा एप्रिल. पुन्हा निर्बंध, पुन्हा मंदिर बंद. या वेळी राज्य सरकारनं नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले, शिवभोजन थाळी मोफत केली. नोंदणीकृत या शब्दाशी पुन्हा गाठ. पण आता निदान आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच जणांकडं कागद होता, गेल्या वर्षीच्या धडपडीत झालेला. ज्यांनी तेव्हा ‘कशाला ती भानगड’ म्हणून टाळलं होतं, ते आता पिशव्या घेऊन आले.

दुसरी लाट कोल्हापूरला वाईट गेली. जूनमध्ये राज्यानं पाच स्तर ठरवून जिल्हे उघडायला घेतले तेव्हा आपण चौथ्या स्तरात. बाकीची गावं उघडतायत आणि महाद्वार रोड, राजारामपुरी, शाहूपुरी बंद. व्यापारी रस्त्यावर आले, निवेदनं झाली, आज उघडणार, उद्या उघडणार अशा बातम्या तासातासाला बदलायच्या. त्या काळात माझा मेसेज सगळ्यात अवघड झाला. सकाळी लिहिलेलं दुपारी खोटं ठरायचं. मी वेळ टाकायला सुरुवात केली, ‘संध्याकाळी 6 पर्यंतची माहिती’, आणि आदेशाचा कागद डोळ्यांनी वाचल्याशिवाय ‘उघडणार’ हा शब्द लिहायचा नाही. लोक शिव्या द्यायचे, इतर ग्रुपवर तर आलंय, तुझं अजून का नाही? नसेना का. ज्यानं त्या ग्रुपवर विसंबून फुलं भरून आणली, त्याची फुलं सडली.

दुकानं जरा सुरळीत होतात तोवर जुलै संपता संपता पंचगंगा. इशारा पातळी 39 फूट, धोका 43, आणि नदी 56 फुटांच्या वर. 2019 च्या महापुरातल्या ओल्या भिंती अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. आमच्या बाजूला पाणी आलं नाही, पण उपसा केंद्रं बुडाल्यानं नळ कोरडे. तेव्हा मेसेजमध्ये दुकानं नव्हती, टँकर होते. कुठल्या चौकात, किती वाजता, घागर की कॅन.

7 ऑक्टोबर 2021, घटस्थापना. मंदिरं पुन्हा उघडली. त्या नवरात्रात फुलवाल्या मावशींच्या टोपलीला दुपारपर्यंत बूड दिसायचं. दसरा झाल्यावर त्या दुकानात आल्या आणि विचारलं, ‘ते वीस हजाराचं कसं असतंय?’ तेव्हा पहिलं कर्ज फिटलं की दुसरं वीस हजारांपर्यंत मिळायचं, आणि मुदतीआधी फेडलं तरी दंड नव्हता. मी म्हटलं, आधी राहिलेले हप्ते भरून खातं बंद करा. त्या तशाच बँकेत गेल्या, मलाही सोबत घेऊन. कमरेची पिशवी सोडली आणि काउंटरवर दहा-दहाची नाणी, मध्येच हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या नोटा असा ढीग ओतला. कॅशियर म्हणाला, ‘मावशी, एवढी चिल्लर कोण मोजणार? तुमच्याकडं क्यूआर कोड आहे ना?’

‘हाय की. पर नारळ पंचवीसला कोण घेतंय, गिऱ्हाईक वीस देऊन जातंय. मोजा तुम्ही, मी बसतो हितं.’

आणि बसल्या. त्यानं मोजले. आठ रुपये जास्त भरले, तेही परत मागून घेतले, आणि खातं बंद झाल्याची पावती घडी घालून पिशवीत ठेवली. वीस हजारांचा अर्ज मी त्याच दिवशी भरला.